हिवाळ्यासाठी बांधलेलं गाव: मांतों

मांतोंला जायचं तर हिवाळ्यात जा. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत कधीही. समुद्रकाठच्या युरोपीय गावाबद्दल हा सल्ला उलटा वाटेल, कारण भूमध्य समुद्र म्हटला की आपल्याला रंगीत छत्र्या आणि ऑगस्टचं ऊन आठवतं. पण हे गाव उन्हाळ्यासाठी बांधलेलंच नाही. इथली मोठी हॉटेलं, बागा, पाण्यालगतचा फिरायचा रस्ता, उतारावरचे बंगले, इंग्रजांचं नि रशियनांचं चर्च आणि टेकडीवरची दफनभूमी, हे सगळं नोव्हेंबर ते एप्रिल इथे मुक्काम करणाऱ्यांसाठी उभं राहिलं. त्यांतले कितीतरी जण आजारी होते. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर गर्दी, महागाई आणि गोट्यांचा किनारा पदरात पडेल. गाव मात्र दिसणार नाही.

फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, इटलीच्या हद्दीला अगदी खेटून हे गाव आहे. वस्ती तीस हजारांच्या आसपास. समुद्रापासून काही किलोमीटरवरच हजार मीटरच्या वर जाणारे डोंगर उभे आहेत आणि ते उत्तरेचा गार वारा अडवतात. दक्षिणेला उघडा समुद्र दिवसभराची ऊब धरून ठेवतो. त्यामुळे जानेवारीतही दुपारी बारा-तेरा अंश असतात आणि ऊन स्वच्छ असतं. पातळ स्वेटर घालून बाकावर तासभर बसता येतं. हिमाचा कडाका इथे क्वचितच पडतो, म्हणून लिंबाचं झाड इथे तगलं. लिंबू तगतं तिथे माणसाची दुखणाईत फुप्फुसंही तगतील, असा हिशेब एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी केला. मांतोंचा पुढचा सगळा इतिहास या हिशेबातून आलेला आहे.

पोहोचायचं कसं ते आधी सांगते. मुंबईहून नीसला थेट विमान नाही. दुबई, इस्तंबूल, पॅरिस किंवा फ्रँकफर्टला बदलून जावं लागतं. नीस विमानतळावरून मोनाकोमार्गे मांतोंपर्यंत थेट बस आहे. सामान कमी असेल तर ट्रामने शहरात येऊन प्रादेशिक रेल्वे पकडा. नीसच्या मुख्य स्टेशनवरून मांतों पाऊण तासाच्या आत येतं, आणि जाताना समुद्र बघायचा तर उजव्या बाजूची खिडकी धरा. मांतोंच्या हद्दीत दोन स्टेशनं आहेत. गावाच्या मध्यात ‘मांतों’ आणि इटलीच्या बाजूला ‘मांतों-गारावां’. पश्चिमेला लगतच ‘कार्नोलेस’ लागतं. हॉटेल आरक्षित करताना यांपैकी कोणतं स्टेशन जवळ आहे ते पाहून ठेवा, कारण गाव किनाऱ्याने लांबच लांब पसरलेलं आहे. आई माझ्याबरोबर होती आणि तिचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही मधल्या स्टेशनजवळच्या सपाट भागात राहिलो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर तुम्हीही तेच करा. जुनं गाव आणि गारावांच्या वरचे रस्ते चढाचे आहेत.

बहुतेक पर्यटक नीसला राहून मांतोंला अर्ध्या दिवसाची धावती भेट देतात. ते करू नका. स्टेशनवर उतरून जुन्या गावाचा फोटो काढून परत जाण्यात या गावातलं काहीच हाती लागत नाही. इथे राहायचं, सकाळी बाजारात जायचं, दुपारी एक बाग पाहायची, संध्याकाळी किनाऱ्याने चालायचं. हाच क्रम इथल्या पाहुण्यांनी शंभरेक वर्षं पाळला.

पाहुणे येण्यापूर्वी मांतों मोनाकोच्या ग्रिमाल्दी घराण्याचं होतं, तेही १३४६ पासून. आज मोनाको म्हणजे उंच इमारती आणि महागड्या बोटी, पण तेव्हा त्या संस्थानाचं पोट मांतों आणि शेजारचं रोकब्रून हीच गावं भरत होती. लिंबं आणि ऑलिव्हचं तेल जहाजांनी बाहेर जायचं, आणि त्यावर राजघराणं कर घ्यायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोनाकोचा राज्यकर्ता ओनोरे पाचवा याने धान्य आणि पावाचाही मक्ता स्वतःकडे घेतला. लोकांना ठरावीक ठिकाणचाच महाग आणि निकृष्ट पाव खावा लागे. १८४८ मध्ये युरोपभर उठाव झाले तेव्हा मांतों आणि रोकब्रूननेही मोनाकोशी नातं तोडलं आणि स्वतःला स्वतंत्र नगरं म्हणून जाहीर केलं. पुढची काही वर्षं ती सार्डिनिया या इटालियन राज्याच्या छत्राखाली राहिली. १८६० मध्ये लोकांनी फ्रान्सच्या बाजूने कौल दिला, आणि १८६१ मध्ये मोनाकोचा राज्यकर्ता शार्ल तिसरा याने ४० लाख फ्रँक घेऊन दोन्ही गावांवरचा हक्क कायमचा सोडला.

मोनाकोकडे उरलेला प्रदेश अगदी चिमूटभर होता आणि लिंबा-तेलाचं उत्पन्न गेलं होतं. नवं उत्पन्न उभं करण्यासाठी त्याने जुगारघराला जोर लावला आणि मोंते कार्लो वसवलं. मांतोंहून मोनाकोला रेल्वेने दहा-बारा मिनिटं लागतात. तिथल्या कॅसिनोसमोर उभं राहाल तेव्हा ती इमारत शेजारच्या लिंबाच्या बागा हातातून गेल्यामुळे उभी राहिली हे लक्षात असू द्या. मोनाकोबद्दल मला सर्वांत रोचक वाटलेली गोष्ट हीच.

त्याच सुमारास, १८५९ मध्ये, जेम्स हेन्री बेनेट नावाचा इंग्रज डॉक्टर मांतोंला आला. त्याला क्षय झाला होता आणि जगण्याची आशा त्याने सोडली होती. एका शांत ठिकाणी शेवटचे दिवस काढावेत, एवढ्यासाठी तो आला होता. हिवाळा संपेपर्यंत त्याची तब्येत सुधारली. मग तो दरवर्षी हिवाळ्यात येऊ लागला, इथेच रुग्ण तपासू लागला, आणि १८६१ मध्ये त्याने या किनाऱ्याच्या हवामानाबद्दल पुस्तक लिहिलं. ते इंग्लंडात खूप वाचलं गेलं आणि जर्मन भाषेतही गेलं. १८६९ मध्ये रेल्वे आली आणि लंडनहून या किनाऱ्यावर येणं खूप सोपं झालं. एका पिढीत मासेमारी आणि लिंबं यांवर जगणारं गाव युरोपभरच्या श्रीमंत आजाऱ्यांचं हिवाळी घर झालं. इंग्रज आले, जर्मन आले, रशियन आले. इंग्रज सहसा पूर्वेच्या गारावां उपसागराकडे किंवा पश्चिम बाजूला आपापल्या डॉक्टरच्या सल्ल्याप्रमाणे राहत. कोणत्या बाजूची हवा बरी, यावर डॉक्टरांमध्ये वाद होते.

१८८२ च्या वसंतात खुद्द व्हिक्टोरिया राणी मांतोंला येऊन राहिली. ज्या बंगल्यात ती उतरली तो चार्ल्स हेन्फ्रे याचा होता. हा रेल्वेचा ठेकेदार, आणि उत्तर हिंदुस्थानात दिल्ली रेल्वेचं काम ज्या मंडळींनी घेतलं होतं त्यांत तो भागीदार होता. म्हणजे आपल्याकडच्या रुळांवर कमावलेल्या पैशाचा काही भाग या उतारावर येऊन बसला होता. बंगला खासगी आहे, आत जाता येत नाही. त्याच १८८२ च्या मार्चमध्ये बर्लिनला रॉबर्ट कोखने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. क्षय एकापासून दुसऱ्याला होतो हे सिद्ध झालं आणि हळूहळू आजाऱ्यांना भर गावातल्या हॉटेलांऐवजी उंच डोंगरातल्या वेगळ्या आरोग्यधामांत पाठवायची पद्धत पडली. मांतोंची हॉटेलं निरोगी श्रीमंतांनी भरू लागली. आज त्यांतली बरीचशी राहत्या घरांच्या इमारती झाली आहेत. गारावांच्या वर आणि स्टेशनच्या मागे चालताना पिवळ्या-पांढऱ्या रंगाच्या, लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या असलेल्या अवाढव्य इमारती दिसतात, त्या त्याच. गॅलऱ्या सगळ्या दक्षिणेला तोंड करून आहेत.

या सगळ्या काळाला भेटायचं असेल तर जुन्या किल्ल्याच्या जागी असलेल्या दफनभूमीत जा. जुन्या गावाच्या अगदी माथ्यावर ती टप्प्याटप्प्याने चढत गेली आहे. मी तिथे दोन वेळा गेले आणि दुसऱ्या वेळी एकटी गेले, कारण मला दगडांवरची वयं नीट वाचायची होती. एकोणीस, तेवीस, सव्वीस. इंग्रजी, जर्मन, रशियन लिपी. आईवडिलांनी मुलांसाठी, नवऱ्यांनी बायकांसाठी लिहून ठेवलेली वाक्यं. उत्तर युरोपातून इतक्या लांबचा प्रवास करून, औषध म्हणून ऊन घ्यायला आलेली ही तरुण माणसं. समुद्राचा सगळ्यात सुंदर देखावा यांच्या वाट्याला आला आहे, आणि तिथे उभं असताना तो देखावा बघवत नाही, इतकं मन भरून येतं.

रग्बीचे चाहते इथे विल्यम वेब एलिसची कबर शोधत येतात. १८२३ मध्ये शाळेत फुटबॉल खेळताना चेंडू हातात घेऊन तो धावला आणि रग्बीचा खेळ जन्मला, अशी आख्यायिका आहे. तिला भक्कम पुरावा नाही, पण रग्बीच्या विश्वचषकाला त्याचंच नाव आहे. तो पाद्री झाला आणि १८७२ मध्ये मांतोंला वारला. त्याची कबर विस्मरणात गेली होती, १९५८ मध्ये ती पुन्हा सापडली. आता तिच्यावर जगभरच्या संघांनी आणलेल्या पाट्या आहेत. चित्रकार ऑब्री बिअर्डस्लीही मांतोंलाच १८९८ मध्ये क्षयाने गेला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. त्याची कबर मात्र वरच्या त्राब्युके दफनभूमीत आहे. तिथवर चढ बराच आहे.

वर जाताना एक करा. सकाळी लवकर निघा आणि चढताना सें-मिशेल बासिलिका या मोठ्या चर्चच्या पायऱ्यांनी जा, उतरताना मागच्या गल्ल्यांनी या. बासिलिका सतराव्या शतकातली, बरोक शैलीची आहे. तिच्यासमोरचं अंगण काळ्या-पांढऱ्या गोट्यांनी जडवलेलं आहे आणि त्यात ग्रिमाल्दींचं चिन्ह आहे. शेजारी ‘श्वेत पश्चात्तापी’ या कॅथलिक बंधुमंडळाचं छोटं प्रार्थनामंदिर आहे. १९५० पासून दर उन्हाळ्यात याच अंगणात शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. उन्हाळ्यात यायला एवढं एकच कारण मी मान्य करेन. पायऱ्या रुंद आहेत, पण कठडा सगळीकडे नाही. आई मधल्या टप्प्यापर्यंत आली आणि तिथल्या बाकावर बसली. तिथूनही खालचं बंदर आणि इटलीकडचा किनारा दिसतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी सगळा चढ चढलाच पाहिजे असं नाही.

जुन्या गावाच्या पायथ्याशी समुद्रात घुसलेला छोटा बुरूज आहे, १६३६ मध्ये ग्रिमाल्दींनी बांधलेला. कवी-चित्रकार झाँ कोक्तो पन्नाशीच्या दशकात मांतोंच्या प्रेमात पडला तेव्हा तो बुरूज पडीक होता. तो दुरुस्त करून आपल्या चित्रांचं संग्रहालय करायचं त्याने ठरवलं. ते उघडलं १९६६ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. आत गोट्यांची नक्षी त्याच्याच आराखड्यांवरून केलेली आहे. समुद्रासमोरच कोक्तोच्या संग्रहासाठी २०११ मध्ये मोठं नवं संग्रहालयही उघडलं होतं. २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या वादळात समुद्राचं पाणी त्याच्या तळघरात शिरलं आणि ते बंद करावं लागलं. जाण्यापूर्वी ते उघडलं आहे का, याची चौकशी करा.

पण कोक्तोचं खरं काम बघायचं तर नगरपालिकेत जा. फ्रान्समध्ये कायदेशीर लग्न नगरपालिकेतच लागतं, त्यामुळे प्रत्येक नगरपालिकेत एक विवाहकक्ष असतो. मांतोंचा विवाहकक्ष कोक्तोने १९५७-५८ मध्ये संपूर्ण रंगवला. समोरच्या भिंतीवर मासेमारी करणारा तरुण आणि टोपी घातलेली मांतोंची तरुणी एकमेकांकडे पाहताहेत, आणि तरुणाच्या डोळ्याच्या जागी मासा आहे. बाजूच्या भिंतीवर ग्रीक पुराणातल्या ऑर्फियसची दुःखी कथा, छतावर पंखवाला घोडा. जमिनीवर बिबट्याच्या कातड्यासारखा गालिचा. इथे आजही लग्नं लागतात, म्हणून आत जायच्या वेळा बदलतात आणि शनिवार-रविवारी बहुधा लग्नांमुळे किंवा सुट्टीमुळे दार बंद असतं. कामाच्या दिवशी सकाळीच जा. तिकीट काही युरोंचं. हा कक्ष चुकवू नका. सरकारी कार्यालयात लग्नाला येणाऱ्या साध्या माणसांसाठी एवढं सुंदर काहीतरी करावं, असं त्या गावाला आणि त्या कलाकाराला वाटलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता बागा. मांतोंमध्ये वेळ कमी असेल तर चर्चं आणि संग्रहालयं सोडा, बागा सोडू नका. इथे येणाऱ्यांना हालचालीला मुभा नव्हती, पण वेळ आणि पैसा भरपूर होता. हवामान असं, की उष्ण कटिबंधातलं झाडही उघड्यावर जगायचं. त्यातून लोक बागा करत गेले. वाल राहमे ही बाग गारावांला आहे. रॅडक्लिफ नावाच्या इंग्रजाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सुरू केली आणि पत्नीचं नाव तिला दिलं. शेवटच्या मालकीणबाई इंग्रज वनस्पतितज्ज्ञ होत्या. १९६६ पासून ती राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाकडे आहे. तिथे ईस्टर बेटावरचं तोरोमिरो झाड आहे. आपल्या मूळ बेटावरच्या रानातून ते नाहीसं झालेलं आहे आणि जगात अशा मोजक्या बागांतच उरलं आहे. त्याच्यासमोर थांबा. लहानसं, सहज नजरेतून सुटेल असं झुडूप आहे, म्हणून मुद्दाम सांगते. बाग फार मोठी नाही, दोन तासांत आरामात होते आणि मुख्य वाटा बऱ्याचशा चालायला सोप्या आहेत.

सेर द ला मादोन ही दुसरी, गोर्बिओच्या दरीत, गावापासून थोडी आत. इंग्लंडातली हिडकोटची प्रसिद्ध बाग करणारा लॉरेन्स जॉन्स्टन याने १९२४ पासून हिवाळ्यांसाठी ही केली. झाडं गोळा करायला तो दक्षिण आफ्रिका आणि चीनच्या युनानपर्यंत गेला होता. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची, मध्ये पाण्याची कुंडं असलेली बाग आहे, आणि थोडी रानवट ठेवलेली आहे. मला ती वाल राहमेपेक्षा जास्त आवडली. शहर बस जाते, पण हिवाळ्यातले काही आठवडे बाग बंद असते आणि आठवड्याची सुट्टीही असते, तेव्हा आधी पाहून जा.

तिसरी फोंताना रोझा. स्पॅनिश कादंबरीकार ब्लास्को इबान्येस फ्रान्समध्ये राहत होता, आणि पुढे स्पेनमधल्या हुकूमशाहीला त्याने विरोध केला. त्याच्या कादंबऱ्यांवर हॉलिवूडमध्ये चित्रपट झाले आणि त्यातून आलेल्या पैशातून १९२२ पासून त्याने ही बाग उभी केली. बाकांवर, कुंड्यांवर, खांबांवर रंगीत चिनी मातीच्या फरशा आहेत, आणि बाग आवडत्या लेखकांना अर्पण केलेली आहे. ‘डॉन किहोते’ लिहिणाऱ्या सर्व्हांतेसचा मान सर्वांत मोठा. १९२८ मध्ये इबान्येस याच घरी वारला. इथे फक्त मार्गदर्शकाबरोबर ठरावीक दिवशी जाता येतं. पर्यटन कार्यालयात पहिल्याच दिवशी नाव नोंदवा. याच गारावांत, स्टेशनजवळच न्यूझीलंडची लेखिका कॅथरीन मॅन्सफील्ड १९२०-२१ मध्ये क्षयाशी झुंजत लिहीत होती. १९७० पासून न्यूझीलंडमधल्या लेखकांना तिच्या नावाने मांतोंला राहून लिहिण्यासाठी शिष्यवृत्ती मिळते.

लिंबाबद्दल अजून बरंच बोलायचं आहे. मांतोंच्या लिंबाला २०१५ मध्ये युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं. एका घोसात बरीच फळं लागतात, साल जाड आणि सुवासिक असते, आतला रस आंबट असूनही कडवट नसतो. साल उकडून, साखरेत घोळवून, किंवा पातळ काप करून सालासकट सलाडमध्ये खातात. एकेकाळी लिंबं इथून दूरदेशी जात. मग सिसिलीची आणि स्पेनची स्वस्त लिंबं आली, बंगल्यांसाठी बागांच्या जमिनी विकल्या गेल्या, १९५६ च्या कडाक्याच्या थंडीने उरल्यासुरल्या झाडांनाही मारलं. आता थोडेच शेतकरी उतारावरच्या पायऱ्यांच्या शेतांत ते जपतात. त्यांच्या बागा बघायला वेळ ठरवून जाता येतं. जा, आणि तिथे जे विकत मिळेल ते तिथेच घ्या.

लिंबाचा उत्सव फेब्रुवारीच्या मध्यापासून सुमारे दोन आठवडे असतो. १९२९ मध्ये एका हॉटेलच्या बागेत फुलं आणि लिंबू-संत्र्यांचं प्रदर्शन झालं, त्यातून हे वाढलं, आणि १९३४ पासून तो गावाचा अधिकृत उत्सव झाला. सुमारे १४० टन लिंबं आणि संत्री लोखंडी सांगाड्यांवर रबरबँडने एकेक करून बसवतात आणि प्रचंड आकृत्या करतात. यांतली बहुतेक फळं स्पेनमधून येतात, कारण मांतोंचं लिंबू त्यासाठी फार मौल्यवान आहे. प्रत्येक वर्षी एक विषय असतो. २०१८ मध्ये, पंच्याऐंशीव्या उत्सवात, तो विषय बॉलिवूड होता. आकृत्या गावाच्या मध्यातल्या बियोव्हेस बागेत असतात, तिथे चालत बघता येतं. रविवारी समुद्रालगत मिरवणूक निघते. गर्दी नको असेल तर मंगळवार-बुधवारी सकाळी बागेतल्या आकृत्या पाहा आणि मिरवणूक सोडून द्या. मिरवणुकीच्या दिवशी गाड्यांना चिकार गर्दी असते. उत्सवाच्या काळात हॉटेलं महिने-महिने आधी भरतात, तेव्हा एकतर लवकर आरक्षण करा किंवा उत्सव संपल्याच्या पुढच्या आठवड्यात या. मला वाटतं, दुसरा पर्याय गाव नीट बघण्यासाठी अधिक चांगला.

शाकाहारी असाल तर उपाशी राहायची वेळ येणार नाही. जुन्या गावाखाली १८९८ ची बंद बाजारपेठ आहे, बाहेरून रंगीत चिनी मातीची नक्षी, आत भाजी, फळं, चीज, ऑलिव्ह. ती सकाळीच चालते. तिथे सोका मिळतो. चण्याचं पीठ पाण्यात आणि ऑलिव्ह तेलात कालवून मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजतात, वर मिरपूड. आपल्या बेसनाच्या धिरड्याचाच तो भाऊ, आणि आईला तिथे पहिल्याच दिवशी घर सापडलं. गरमच खायचा. बार्बाजुआन म्हणजे पालेभाजी आणि चीज भरून तळलेली लहान करंजीसारखी वस्तू, पण काही जण त्यात मांस घालतात, तेव्हा विचारून घ्या. पिशाद हा टोमॅटो-कांद्याचा पावावरचा प्रकार, त्यावर बहुतेक वेळा अँचोव्ही मासे असतात. फुगास नावाची गोड, संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा आणि बडीशेपेचा वास असलेली भाकरी नक्की घ्या. आणि लिंबाचा टार्ट कुठल्याही बेकरीत. संध्याकाळची जेवणं सातच्या आत मिळत नाहीत, लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर काहीतरी खोलीवर ठेवा.

इटलीची हद्द गारावांच्या टोकाला आहे, चालत जाता येतं. हद्दीने या गावाला खूप सोसायला लावलं आहे. जून १९४० मध्ये गावातल्या लोकांना घरं सोडून दूर पिरेनीजकडे पाठवण्यात आलं, आणि युद्धबंदीच्या तहानंतर मांतों मुसोलिनीच्या इटलीकडे गेलं. लिरा चालू झाला, रस्त्यांची नावं बदलली. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्य आलं आणि सप्टेंबर १९४४ मध्ये सुटका झाली. २०१५ च्या उन्हाळ्यात फ्रान्सने वाट अडवल्यावर आफ्रिकेतून आलेले निर्वासित याच हद्दीजवळच्या खडकांवर कित्येक आठवडे तंबू ठोकून बसले होते. आजही हद्दीपलीकडच्या व्हेंतिमिल्या या इटालियन गावाहून येणाऱ्या गाडीत गारावांला पोलीस चढतात आणि कागद पाहतात. म्हणून इटलीत पाव तासासाठी जायचं असलं तरी पासपोर्ट हॉटेलवर ठेवू नका. प्रत पुरत नाही.

हद्दीच्या पलीकडे लगेच बाल्झी रोस्सीच्या गुहा आहेत. १८७२ मध्ये एमिल रिव्हिएरने तिथे सापडवलेला प्राचीन मानवी सांगाडा ‘मांतोंचा माणूस’ म्हणून ओळखला जातो.

भारतीयांनी न चुकता करावी अशी एक पायी फेरी कार्नोलेसकडून केप मार्तेंच्या कडेने रोकब्रूनपर्यंतची आहे. पायवाट अगदी समुद्रालगत, पाइनच्या सावलीत जाते आणि पुढे मोनाकोपर्यंतही नेता येते. साध्या बुटांनी चालेल, पण वादळी हवेत वाट बंद करतात. या वाटेवर, रोकब्रूनच्या स्टेशनजवळ, ल कॉर्ब्युझिएची लाकडी झोपडी आहे. चंदीगढचा आराखडा करणाऱ्या माणसाने १९५१-५२ मध्ये आपल्या पत्नीसाठी बांधलेली ही खोली, ३.६६ मीटर लांब आणि तेवढीच रुंद. त्यात बिछाना, टेबल, हात धुवायची जागा, सगळं आहे. चंदीगढचा सचिवालय-विधानसभेचा परिसर आणि ही एका खोलीची झोपडी २०१६ मध्ये एकाच यादीतून जागतिक वारसा झाली. २७ ऑगस्ट १९६५ ला तो इथेच खालच्या उपसागरात पोहताना वारला. वरच्या रोकब्रून गावाच्या दफनभूमीत, स्वतः आखलेल्या थडग्यात तो आणि त्याची पत्नी आहेत. झोपडीला लागूनच वास्तुरचनाकार आयलीन ग्रे हिचं १९२६ ते २९ मधलं घर आहे, आणि तेही आधुनिक वास्तुकलेतलं मोठं काम आहे. दोन्ही फक्त मार्गदर्शकासोबत, आधी आरक्षण करून बघता येतात आणि हिवाळ्यात बंद असतात. त्यामुळे झोपडी आत जाऊन बघायची असेल तर मुक्काम एप्रिलमध्ये ठेवा, वाट मात्र कधीही करा.

डोंगरातल्या गावांपैकी एकच निवडायचं असेल तर सेंत-आन्येस घ्या. समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या वर असूनही ते किनाऱ्याचं गाव म्हणवतं. बस दिवसातून मोजक्याच असतात. जाताना परतीची वेळ लिहून घ्या.

व्हिसा शेंगेनचा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. हिवाळ्यासाठी ऑक्टोबरमध्येच करा, कारण नोव्हेंबरनंतर मुलाखतीच्या तारखा लवकर भरतात. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. नीस, मोनाको आणि व्हेंतिमिल्याला रोज ये-जा करणार असाल तर गाडी भाड्याने घेऊ नका, मांतोंमध्ये ती उभी करायला जागा मिळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणार असाल तर पोहण्यासाठी समुद्र अजून कोमट असतो, पण बहुतेक किनारे गोट्यांचे आहेत, पाण्यात घालायचे रबरी बूट घेऊन या. गारावांकडचा साब्लेतचा किनारा मुलांसाठी सोयीचा.

आणि मुक्कामात शुक्रवार असेल तर सकाळच्या गाडीने व्हेंतिमिल्याला जा. पंधरा मिनिटांच्या आत पोहोचता. समुद्रालगत मोठा आठवडी बाजार भरतो, कपडे, चामड्याच्या वस्तू, चीज, ऑलिव्ह तेल. फ्रान्सची बाजू सोडून इथले रहिवासीही खरेदीला तिथेच जातात. नकली ब्रँडची बॅग मात्र घेऊ नका, ती घेणाऱ्यालाही इटलीत दंड होतो. दुपारी बाजार उठायच्या आत परतीची गाडी पकडा, नाहीतर स्टेशनवर पिशव्या घेऊन उभं राहावं लागेल.